पाऊस तोच, मग दुष्काळाची यादी बदलली कशी? पिशोरच्या नकाशावरून समजून घ्या 'जीआयएस'

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांमध्ये दुष्काळ जाहीर केला. त्यातल्या २४ तालुक्यांत गंभीर, तर १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा दुष्काळ होता. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून या यादीत दोनच नावं होती, छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव. सोयगावला अगदी खेटून असलेला कन्नड तालुका यादीत नव्हता.

यादीवरून राज्यभर ओरड झाली. तालुक्याची सरासरी बरी दिसते म्हणून आमचं गाव वगळलं, अशी तक्रार अनेक ठिकाणांहून आली. त्यानंतर १०-१२ दिवसांतच सरकारने दुसरी यादी काढली. या वेळी तालुके न मोजता महसूल मंडळं मोजली गेली. जून ते सप्टेंबर या काळात सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेली १,०२१ मंडळं 'दुष्काळसदृश' ठरली.

या १०-१२ दिवसांत गेलेला पावसाळा काही बदलला नव्हता. बदलला तो निकष, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बदलली नकाशावरची रेषा.

या रेषेवर बरंच काही अवलंबून असतं. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ होणं, गावात टँकर येणं, हे सगळं तुमचं गाव रेषेच्या आत आहे की बाहेर, यावर ठरतं.

मग या रेषा कोण काढतं? आकडे नकाशावर कसे बसवले जातात? आणि नकाशा आपल्याला कधी फसवतो? कन्नड तालुक्यातल्या पिशोर मंडळाच्या उदाहरणावरून हे समजून घेऊया.

जीआयएस म्हणजे नेमकं काय?

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड वाटलं तरी कल्पना सोपी आहे.

एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद घ्या आणि त्यावर फक्त गावांच्या सीमा काढा. दुसऱ्यावर फक्त रस्ते, तिसऱ्यावर नद्या-नाले, चौथ्यावर शाळा आणि अंगणवाड्या, पाचव्यावर प्रत्येक गावाची लोकसंख्या. आता हे सगळे कागद एकावर एक नीट जुळवून ठेवा. कोणत्या गावात किती मुलं आहेत, शाळा कुठे आहे आणि मधे नदी आहे का, हे एका नजरेत दिसेल.

जीआयएस सॉफ्टवेअर हेच काम कॉम्प्युटरवर करतं. या कागदांना तिथे 'लेयर' म्हणतात. प्रत्येक लेयरच्या मागे एक तक्ता असतो. नकाशावरच्या गावावर क्लिक केलं की त्या गावाची सगळी माहिती उघडते.

यासाठी महागडं सॉफ्टवेअरच लागतं असं नाही. २००२ मध्ये सुरू झालेलं 'क्यूजीआयएस' हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. रस्ते आणि इमारतींची माहिती 'ओपनस्ट्रीटमॅप'वरून घेता येते. उपग्रहाची चित्रं इस्रोच्या 'भुवन' पोर्टलवर पाहता येतात. राज्य सरकारसाठी हे काम नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र करतं.

तक्त्यात न दिसणारी गोष्ट नकाशावर कशी दिसते?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. आता काही जिल्ह्यांचे आकडे पाहा. जळगाव ८४२, बुलढाणा ८५५, छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद) ८५८, अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) ८५२ आणि बीड ८०७.

जनगणनेच्या यादीत जळगाव तिसऱ्या, बुलढाणा चौथ्या, औरंगाबाद १९ व्या, अहमदनगर २६ व्या आणि बीड २७ व्या क्रमांकावर आहे. यादी वाचत गेलात तर हे पाच आकडे विखुरलेले दिसतात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मनातही येत नाही.

हेच आकडे नकाशावर रंगवले की चित्र बदलतं. खानदेशापासून मराठवाड्यापर्यंत एक सलग गडद पट्टा उमटतो. दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे, तिथे हेच प्रमाण ९६१ होतं.

पट्टा दिसला की प्रश्नही बदलतो. 'बीडमध्येच असं का?' एवढ्यावर न थांबता 'या अख्ख्या पट्ट्यात समान काय आहे?' असं विचारता येतं. सोनोग्राफी केंद्रांचं जाळं, जमिनीची वाटणी, हुंडा, स्थलांतर, लग्नसंबंधांचा परिसर असे धागे मग तपासता येतात. उत्तर नकाशा देत नाही. कुठे शोधायचं ते मात्र सांगतो.

अमेरिकन भूगोलतज्ज्ञ वाल्डो टॉब्लर यांनी १९७० मध्ये यामागचं सूत्र मांडलं होतं. सगळ्या गोष्टींचा एकमेकांशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा दूरच्यांपेक्षा जास्त असतो, असा त्याचा आशय. चालीरीती, बाजार, बोली, सोयरीक यांनाही हे लागू पडतं. जिल्ह्याची सीमा आली म्हणून सोयरीक थांबत नाही.

ही पद्धत नवी आहे का?

कॉम्प्युटर नवा आहे, पद्धत जुनी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली. बहुतेक खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती गोळा झाल्या. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, या त्यांच्या मताला त्यामुळे मोठा आधार मिळाला.

महाराष्ट्रातही गावपातळीवरचा असा बारीक अभ्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम करणारे हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची शेतजमीन तुकड्यातुकड्याने तपासली. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. त्या गावात आज टोलेजंग सोसायट्या आहेत.

शहरी उदाहरणही पुण्याचंच आहे. 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था १९९० च्या दशकापासून झोपडपट्ट्यांचे नकाशे बनवते. कोणत्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेजची लाइन तिथून किती लांब आहे, हे वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन नकाशावर आणायचं आणि मग घरोघरी शौचालयं बांधायची, असं या कामाचं स्वरूप आहे. पालिकेच्या कागदावर जी वस्ती म्हणजे एक कोरा ठिपका असते, तिचं घर न् घर अशा नकाशावर येतं.

पिशोरचा नकाशा करायचा तर?

अंजना नदीच्या परिसरातलं पिशोर हे कन्नड तालुक्यातलं मोठं गाव आणि महसूल मंडळाचं ठिकाण. तालुक्यात नाचनवेल, चिंचोली लिंबाजी, करंजखेड, चिकलठाण, चापानेर, देवगाव रंगारी अशी इतर मंडळंही आहेत. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आणि गौताळा अभयारण्य, तर दक्षिणेकडे मोकळी शेती. एकाच तालुक्यात जमीन, पाणी आणि रस्ते यांत बराच फरक पडतो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला पिशोर मंडळातली कोणती वस्ती अंगणवाडीपासून दूर आहे ते पाहायचं आहे. काम साधारण असं होईल.

१. सीमा मिळवायच्या. गावांच्या सीमांची डिजिटल फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. हा पहिला लेयर.

२. आकडे जोडायचे. जनगणनेच्या तक्त्यातून गावनिहाय लोकसंख्या आणि लहान मुलांची संख्या घ्यायची आणि ती सीमेच्या फाइलला जोडायची.

३. ठिकाणं टिपायची. प्रत्येक अंगणवाडीपाशी जाऊन मोबाइलच्या जीपीएसवर अक्षांश-रेखांश नोंदवायचे.

४. अंतर मोजायचं. प्रत्येक वस्तीपासून जवळच्या अंगणवाडीपर्यंतचं अंतर काढायचं आणि त्यानुसार वस्त्या रंगवायच्या.

कागदावर हे एका दुपारचं काम वाटतं. खरी अडचण दुसऱ्या पायरीपासून सुरू होते.

दोन फाइली जोडायच्या तर दोन्हींत गावाचं नाव सारखं हवं. इंग्रजीत लिहिताना एकाच गावाच्या नावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होते. पिंपळगाव, वडगाव अशी नावं एकाच जिल्ह्यात अनेकदा येतात. 'कन्नड' असं नुसतं शोधलं तर तालुक्याच्या जागी भाषा समोर येऊ शकते. भरीला २०११ च्या तक्त्यात जिल्ह्याचं नाव औरंगाबाद आहे आणि नव्या फाइलीत छत्रपती संभाजीनगर. माणसाला हे एकच आहेत हे कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही.

म्हणून जाणकार नावावर न जाता कोडवर जोडणी करतात. जनगणनेत प्रत्येक गावाला एक कोड असतो. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला कोड दिलेला असतो. नाव बदललं तरी असा कोड ओळख पटवतो. ही जोडणी चुकली तर गाव नकाशावर कोरं राहतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की तिथे काही नाहीच.

चौथ्या पायरीतही फसगत होते. सॉफ्टवेअरला नुसतं 'अंतर मोज' म्हटलं की ते सरळ रेषेत मोजतं, कावळा उडतो तसं. नकाशावर ८०० मीटर दिसणारी अंगणवाडी नदीपलीकडे असेल आणि पूल दोन किलोमीटरवर असेल, तर चार वर्षांच्या मुलासाठी ती जवळ नाही. म्हणून अंतर रस्त्याने मोजावं लागतं आणि पावसाळ्यात तो रस्ता चालू असतो का, हे गावात जाऊन विचारावं लागतं.

एकच आकडे, दोन निकाल: सरासरीचा खेळ

आता पुन्हा दुष्काळाच्या यादीकडे येऊ. रेषा बदलली की निकाल कसा बदलतो, हे एका छोट्या गणितावरून पाहा. यातले आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.

चार गावं आहेत. सरासरीच्या तुलनेत पहिल्यात ६० टक्के, दुसऱ्यात ६५, तिसऱ्यात ९० आणि चौथ्यात ९५ टक्के पाऊस झाला. नियम असा की ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की दुष्काळ.

पहिलं-दुसरं गाव एका मंडळात आणि तिसरं-चौथं दुसऱ्या मंडळात टाकलं, तर सरासरी येते ६२.५ आणि ९२.५. एका मंडळात दुष्काळ जाहीर होतो.

आता पहिलं-चौथं एकत्र आणि दुसरं-तिसरं एकत्र करा. दोन्हीकडे सरासरी ७७.५ टक्के. दुष्काळ कुठेच नाही!

कोणत्याही गावातला पाऊस एका थेंबानेही बदललेला नाही. पहिल्या गावातली विहीर दोन्ही वेळा कोरडीच आहे. बदललं ते फक्त गावांचं एकत्र येणं. समाजशास्त्रात आणि भूगोलात ही जुनी आणि ओळखीची अडचण आहे. क्षेत्र कसं पाडलं यावर निकाल ठरतो.

पिशोरसारख्या मंडळात हा प्रश्न दरवर्षी प्रत्यक्ष येतो. 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली गेली. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की त्या मंडळात अतिवृष्टी मानली जाते. पण मंडळात अनेक गावं असतात आणि डोंगराकडेच्या गावात कोसळलेली सर केंद्रापर्यंत पोहोचेलच असं नाही. शेतात गुडघाभर पाणी आणि नोंद ४० मिलिमीटरची, असं होऊ शकतं. उलटही होऊ शकतं.

पीक विम्यातही तेच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत राज्यातल्या प्रमुख पिकांसाठी साधारणपणे महसूल मंडळ हा घटक धरतात. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यातून येणारं सरासरी उत्पादन ठरवतं की भरपाई मिळणार की नाही. तुमच्या एकट्याच्या शेतात काय झालं, हे त्या सरासरीत विरून जातं.

यावर उपाय एकच, मोजण्याचा घटक लहान करणं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'विंड्स' नावाचा कार्यक्रम आणला. त्यात तालुका पातळीवर हवामान केंद्रं आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक असावेत, असं नियोजन आहे. पर्जन्यमापक जितका जवळ, तितकी नोंद शेताच्या जवळची.

नकाशा आणखी कशा प्रकारे फसवतो?

सोशल मीडियावर रोज कुठला ना कुठला रंगीत नकाशा फिरत असतो. तो शेअर करण्याआधी काही गोष्टी तपासता येतात.

संख्या आहे की प्रमाण? 'सर्वाधिक गुन्हे कुठे?' या नकाशात मुंबई-पुणे लालच दिसणार, कारण तिथे माणसंच जास्त आहेत. दर लाख लोकसंख्येमागे किती, हे पाहिलं तरच तुलना होते.

रंगांचे टप्पे कोणी ठरवले? ८५७ ला लाल आणि ८५८ ला पिवळा असा टप्पा पाडला, तर एकाच्या फरकाने जिल्हा 'वाईट'मधून 'बरा' होतो. टप्पे बदलून त्याच आकड्यांचा नकाशा भीतिदायकही करता येतो आणि सुंदरही.

मोठा दिसतो म्हणून महत्त्वाचा आहे का? गडचिरोली जिल्हा नकाशावर भरपूर जागा व्यापतो, मुंबई शहर टिकलीएवढं दिसतं. लोकसंख्या मात्र उलट आहे. डोळा क्षेत्रफळ पाहतो, माणसं नाही.

आकडे कोणत्या वर्षाचे? जनगणनेचे गावनिहाय आकडे आजही २०११ चेच वापरले जातात. तेव्हा अंगणवाडीत असलेलं मूल आता मतदानाच्या वयाला पोहोचलं आहे.

गावाचा आकडा माणसाला चिकटवला आहे का? एखाद्या जिल्ह्यात मुलींचं प्रमाण कमी आहे, याचा अर्थ तिथलं प्रत्येक कुटुंब मुलगी नाकारतं असा होत नाही. सरासरी परिसराची असते, व्यक्तीची नाही.

यात धोका कोणता?

नकाशा जितका बारीक, तितका तो उपयोगी आणि तितकाच धोकादायकही. तालुक्याच्या नकाशावर 'कर्जबाजारी कुटुंबं' दाखवली तर कोणाचं नाव कळत नाही. पण ३० घरांच्या वस्तीत एकेका घरावर ठिपका ठेवला, तर ते घर कोणाचं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. आजार, जात, कर्ज, घटस्फोट अशी माहिती नकाशावर टाकताना म्हणूनच घरांचे ठिपके न देता मोठे चौकोन किंवा गट दाखवतात. माहिती देणाऱ्याची परवानगी आधी घेणं हा पहिला नियम.

दुसरा धोका म्हणजे नकाशात न आलेली माणसं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सर्वेक्षणाच्या दिवशी घरी नसतं. दाराला कुलूप दिसतं आणि नोंद होते, 'बंद घर'. पुढे त्या वस्तीत मुलंच कमी आहेत असं नकाशा सांगू लागतो.

पुढे काय?

गावांचे नकाशे आता झपाट्याने डिजिटल होत आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी केली जाते. अशा मोजणीचा प्रयोग महाराष्ट्रात आधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या 'ई-पीक पाहणी'त शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो आणि ठिकाण नोंदवतो.

सगळ्यात मोठा बदल २०२७ च्या जनगणनेचा असेल. ही देशाची पहिली डिजिटल जनगणना आणि तिची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. प्रगणक मोबाइलवर माहिती भरणार आणि इमारतींचं ठिकाणही नोंदलं जाणार, असं नियोजन आहे. ते नीट पार पडलं, तर पिशोरमधली कोणती वस्ती शाळेपासून, दवाखान्यापासून किती लांब आहे याचं चित्र आजच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट होईल.

ते चित्र खरं ठरावं यासाठी गावाचाही वाटा लागतो. प्रगणक आला की मळ्यातली, डोंगराकडेची, ऊसतोडीला गेलेली घरं सुटत नाहीत ना, हे गावकऱ्यांनी पाहायला हवं. ग्रामसभेत गावाचा नकाशा भिंतीवर लावून 'यात कोणाचं घर नाही?' एवढं विचारलं तरी अनेक चुका तिथेच सापडतील.

तोपर्यंत एक काम प्रत्येकाला करता येईल. आपलं गाव कोणत्या महसूल मंडळात येतं आणि त्या मंडळाचा पर्जन्यमापक नेमका कुठे बसवला आहे, हे तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे विचारून घ्या. पुढच्या वेळी दुष्काळाची किंवा अतिवृष्टीची यादी आली, की तुमच्या गावाचा निकाल कुठे मोजला गेला हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.